नानासाहेबांचे बिनआवाजाचे टायर

...आणि म्हणे टायर निवडा! अहो, निवडा म्हणजे काय, ती काय मेथीची जुडी आहे? तुम्हाला सांगतो, आमच्या गारखेड्याच्या नानासाहेबांनी जन्मभर बैल निवडले, बियाणं निवडलं, एकदा तर बाजार समितीचा सभापतीसुद्धा निवडला, पण टायर निवडायची पाळी आली अन्... थांबा, नीट सांगतो.

नानासाहेबांनी एका डॉक्टरांची गाडी घेतली. वापरलेली, पण बड्या घरची! काळीभोर, लांबलचक, आत बसलं की माणूस आपोआप अदबीनं बोलायला लागतो अशी. पण बोलून उपयोग काय, ऐकू कुणाला येतंय? जालना रोडवर जरा वेग धरला की खालून सुरू... गुंऽऽऽ! इंजिन गप, काचा बंद, अन् आपण पिठाच्या गिरणीत बसल्यासारखे! शेजारी द्वारकाबाई, म्हणजे नानासाहेबांच्या मंडळी, बोलायच्या. नानासाहेब म्हणायचे, "हूं." त्या आणखी वरच्या पट्टीत बोलायच्या, हे आणखी लांब "हूंऽ". वर्षभर हेच!

शेवटी वैतागले, शहागंजात ओळखीच्या टायरवाल्या चाचांकडं गेले. म्हणले, "चाचा, आवाज नाय पाहिजे." चाचांनी जुन्या टायरवर हात फिरवला. "हौ साब, येच चिल्ला रा. घिसके करवत हो गया, देखो. अब बोलो, नये में क्या होना? पकड होना, मजबूती होना, के खामोशी होना?"

नानासाहेब जागच्या जागी गार!

"तिन्ही एकात नाय का मिळत?"

"तीनों तो आदमी में बी नै मिलते, साब!"

मग निघाला की हो माल! हा म्हणे पंक्चर झाला तरी पळतो, पण दगडासारखा कडक, आवाज करणारच. हा रुंद, वळणावर पकड घट्ट, पण खडीवर बोंब मारतो. अन् हा मऊ, ह्याच्या पोटात स्पंजची गादी, पण झिजतो लवकर. टायरच्या पोटात गादी! नानासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग काय केलं असंल? टायर उभा धरला, टरबूज वाजवतात तशी थाप मारली अन् कान लावला! भर दुकानात! गिऱ्हाइकं बघू लागली. चाचा म्हणले, "साब, दुकान में नै बोलता वो. रोड पे बोलता."

घेतले एकदाचे गादीवाले. जास्ती झिजले तर झिजले, पण शांतता पाहिजे!

अन् रविवारी द्वारकाबाई ठेवणीतली पैठणी नेसून गाडीत येऊन बसल्या. नानासाहेब खूश! वाटलं, नव्या टायरांचा केवढा हा मान! गाडी बीड बायपासला लागली, वेग धरला अन्... काहीच नाय! गुं नाय, गां नाय! स्वतःचा श्वास ऐकू येतोय! नानासाहेबांनी डोळे मिटायचेच काय ते बाकी ठेवले. तेवढ्यात द्वारकाबाई, वर्षभराच्या सवयीनं, पूर्ण ताकद लावून:

"अहोऽऽ! पेढे घ्यायला थांबाऽऽ! पोराच्या घरी रिकाम्या हातानं जायचं काऽऽ?"

नानासाहेब दचकले, गाडी अर्धी रस्त्याच्या पलीकडं गेली ना!

"अगं वरडू नको, ऐकू येतंय! कोणच्या पोराच्या?"

"कोणच्या म्हणजे? बुद्धभूषणच्या! छावणीत!"

"कोण बुद्धभूषण?"

"आता! आपल्या दीपमालाच्या शेंद्र्याच्या कंपनीतला. पोरीला त्याच्याशीच लगीन करायचंय म्हणून वेरूळला जाताना सांगितलं नाय का? तुम्ही हूं म्हणले."

नानासाहेब जागच्या जागी गार!

"पोरगं बौद्ध आहे, भावकी नावं ठेवील, तुमची तयारी आहे का, असं पैठणच्या रस्त्याला विचारलं. तुम्ही मान हलवली!"

"अगं, तो रस्ता खराब होता!"

"अन् बोलणी करायला जाऊ म्हणलं, तवाबी हूं! मी पोरीला सांगून बसले, तुझा बाप एका शब्दात तयार झाला. ढसाढसा रडली ती. म्हणली, आई, मी बाबांना ओळखलंच नव्हतं."

नानासाहेबांनी गाडी कडेला घेतली. तुम्हाला सांगतो, हे आधी ऐकू आलं असतं ना, तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं! जेवण सोडलं असतं, पोरीचं बोलणं टाकलं असतं, साहेबराव चुलत्यांना बोलावून पंचायत भरवली असती! पण आत्ता त्यांच्या डोळ्यापुढं काय आलं? वर्षभर दीपमाला कामावरून दमून आली तरी आधी त्यांच्याजवळ येऊन बसायची, उगाच खांद्यावर डोकं टेकायची. नानासाहेबांना वाटायचं, पोरगी शहाणी झाली. आता कळलं कामून! अन् ह्या पोरीला आता नाय म्हणायचं? कोणच्या तोंडानं?

गाडी परत रस्त्यावर घेतली. मग बारीक आवाजात म्हणले, "पेढे कंदी घेऊ का केशरी?"

छावणीत घर छोटं, पण लखलखीत. भिंतीवर बुद्ध अन् बाबासाहेब, कपाटात पुस्तकंच पुस्तकं. बुद्धभूषणच्या आई रत्नमालाबाई, शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. "जय भीम, या." पोरानं स्वतः चहा केला, अन् बरा केला, हे नानासाहेबांना खुपलंच जरा! त्यांनी वाटेत भाषण जुळवलं होतं. घसा खाकरला, अन् दहा एकर दान करावं अशा थाटात म्हणले, "ताई, आमची काही हरकत नाय!"

रत्नमालाबाईंनी कप खाली ठेवला. "तुमची नाही, ते दीपमालानं सांगितलंय. माझी आहे."

अहो, नानासाहेब गार! बर्फ! हातातला पेढा हातात!

"मुलगी गुणी आहे. पण उद्या तुमच्या भावकीत कुणी माझ्या लेकाला हिणवून बोललं, तर तुम्ही बोलणार का गप बसणार?"

अन् काय सांगू, तासाभरापूर्वी पळवाट शोधणारा माणूस तिथं लागला की गयावया करायला! "बोलीन की, ताई! भर मांडवात बोलीन! साहेबराव असो का आणखी कुणी... अन् पोरगी आमची लई समजदार आहे हो, तुम्ही नाय म्हणू नका!" द्वारकाबाई नवऱ्याकडं अशा बघू लागल्या, जणू ह्यांना पहिल्यांदाच बघतात.

रत्नमालाबाई म्हणाल्या, "बघू. कळवते."

कळवते! नानासाहेबांना! त्या दिवसापासून माणसाला झोप नाय. फोन वाजला की दचकतात. शेवटी न राहवून स्वतःच साहेबरावांच्या घरी गेले, लग्नाचं सांगितलं. साहेबराव वाकडं बोलले, तर त्यांच्या ओसरीवर उभं राहून असे कडाडले, असे कडाडले, की सारी भावकी गोळा झाली! साहेबरावांनी संबंध तोडला. अन् हेच नानासाहेब आजवर चुलत्यांशी वर मान करून बोलले नव्हते हो!

अन् काल छावणीतून फोन आला. नानासाहेबांनी उभं राहून घेतला. ऐकलं, "बरं ताई, बरं ताई" म्हणले, अन् धपकन खुर्चीत बसले. द्वारकाबाई धावत आल्या. "अहो, काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, मुलगी पसंत आहे..."

"अन्?"

"अन् म्हणे, तुम्हाला चालवून घेऊ!"