नाकतोड्यानं खाल्लं

न्हाई पंत, तिथं नका बसू, त्या दगडाखाली मुंग्या हायत — हां, हितं बसा माझ्या घोंगडीवर, फाटकी हाय पन झाडलेली हाय. तर मी काय म्हनत हुतो — ओढ्याकडचा तुकडा उघडा पडलाय, ते मला दिसत न्हाई असं न्हाई. कुरणाचा राखनदार मी, मला दिसनार न्हाई तर कुनाला? दसऱ्याच्या शिलंगनाला श्रीमंतांची घोडी भाईर पडायची, त्याआधी सारं गवत पागेत पोचलं पायजे, आन् ऐन येळेला ह्यो असा भादरल्यागत तुकडा. तुमच्यासारख्या पागेच्या कारकुनाला पुन्यातनं हितवर पायपीट पडली, ती माझ्यापायी. मान्य. पन गवत कुनी चोरलं न्हाई. नाकतोड्यानं खाल्लं.

हसा. हसा की. सारी वाडी हसती, एक तुमीच मागं का ऱ्हाता? तंगड्या बगा माझ्या — खाली बसलो की गुडघं कानाच्या वर जात्यात. गेनबा हे नाव आईनं ठेवलं आन् तिनंच काय ते वापरलं, बाकी समदी नाकतोड्या म्हनत्यात. देवळात पंगत बसली की माझ्या दोन्ही अंगाला जागा सोडत्यात, पत्रावळीत गुडघा पडायचा म्हनून. तर सांगायचं काय, नाकतोड्याची मला म्हायती हाय. बायको कवाच गेली, पोरबाळ झालं न्हाई, मंग ह्या माळावर बोलायचं कुनाशी? बोलतो आपला ह्यांच्याशी.

आता ह्यो पकडला — बगा, हातावर काय सोडलं? पिंक. पान खाल्ल्यागत तपकिरी. भ्याला की थुकतो, दुसरं काय जमत न्हाई त्याला. आन् कान बगा त्याचं. डोक्याला न्हाईत, पंत, डोकं कशाला बगताय? पंख उचला, हितं, पोटाच्या कुशीला — ह्यो पातळ पडदा, ह्यो कान. पोटानं ऐकतो. आन् गातो तंगडीनं, मागली तंगडी पंखावर घासायची, किर्र किर्र. म्हंजी तोंड त्याला निस्तं खायापुरतं. मलाबी देवानं तसंच घडवायचं हुतं, मी तोंड उघडलं की वाटोळं ठरलेलं.

खातो कसा, ते इचारा. हे पान घ्या. काठ बगा — काठाकाठानं कुरतडत जातो, चंद्रकोरीवानी खाचा पाडत, आन् मधली शीर कडक लागली की सोडतो. असं अर्धं खाल्लेलं, फाटकं-तुटकं दिसतं मागं. बुडख्याला तर तोंडच लावत न्हाई. नाकतोड्यानं खाल्लेलं रान आन् इळ्यानं कापलेलं रान, डोळं झाकून निस्ता हात फिरवून सांगीन मी तुमाला —

कुटं निघाला? पंत, बसा की, तिकडं काल जनावर निघालं हुतं, हे एवढं लांब — ऐकत न्हाईत. काय उपटलं? बुडखा. बरं, आना हिकडं. हां. सरळ हाय. एका घावात गेलाय.

घ्या! आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. अर्धी घटका बसून तुमाला पारख शिकवली, कशापायी, तर माझीच लबाडी पकडाया. आता असं असंल — म्हातारा नाकतोडा असंल, दात पडलेला, म्हनून मुळापासनं — न्हाई, दात पडल्यावर मूळ कसं चावंल. थांबा, जुळवू द्या जरा. आन् सरळ तरी कुटं हाय? नीट बगा, तिरपा हाय घाव. ती डावखोरी हाय म्हनून तसा —

ती कोन? मी ती म्हटलं? मादी हो. नाकतोड्याची मादी. नरापेक्षा थोराड असती ती. शेपटाचं टोक भुईत खुपसून अंडी घालती, वर फेस सोडती, फेस वाळून घट झाला की अंडी सुखरूप. पिल्लं पुढल्या पावसात, बिनपंखाची, कात टाकीत टाकीत मोठी हुत्यात. पन ही गात न्हाई, पंत. गायचं काम नराचं. त्यो बांधावर बसून तंगडी घासत ऱ्हातो, आन् ही आपली गवतात मान खाली घालून. ऐकती समदं, उत्तर देत न्हाई. नर मातूर येडा हुतो. केस पिकल्यालं, तंगड्या काटकुळ्या, तरी त्याला वाटतं माझं गानं ऐकूनच आली. आली असंल चाऱ्यासाठी, पन त्याला सांगनार कोन? आन् एखाद्या दिशी हसली, तर मंग काय — कपाळ मोकळं, पायात जोडवं न्हाई, पन हसली की अशी —

व्हय. नाकतोडीच्या पायात जोडवं नसतंच. बरोबर बोलला.

लई शानं मानूस तुमी, पंत. एवढंसं बोलता, आन् मी भोकाच्या मडक्यावानी गळतोय. व्हय, बाई हाय. भारे बांधून नारायण पेठेत विकती — न्हाई, पेठ कंची ते मला ठावं न्हाई. नवरा लढाईवर गेला, त्यो परत आला न्हाई, त्याला लई वर्सं झाली. तिनं मागितलं न्हाई हो गवत. मीच म्हटलं, ने. मोठा सरदार लागून गेलो ना मी! कोल्हा काकडीला राजी म्हनत्यात, हितं कोल्हाच काकड्या वाटत सुटला. ती म्हनली, कुनी इचारलं तर? मी म्हटलं, नाकतोड्यानं खाल्लं म्हनून सांगीन. तवा ती हसली. म्हनली, "म्हंजी तुझंच नाव सांगशील की रं."

दसरा झाला की पाट लावायचं इचारनार हुतो. आमच्यात चालतंय ते. काय बोलायचं, कसं बोलायचं, समदं जुळवून ठेवलंय. एकदा ह्या नाकतोड्यांना म्हनून दाखवलं, तर मेले थुकले.

काय म्हनता? तिचं नाव सांगितलं तर माझी राखन ऱ्हाती? चावडीवर तिला बोलवायचं, आन् मी हितं ह्या दगडावर तसाच बसायचं, पुढल्या दसऱ्याला तुमाला रामराम घालायला?

नाकतोड्याचं एक सांगायचं ऱ्हायलं, पंत. त्याची मागली तंगडी धरली ना, की ती तुमच्या हातात सोडून त्यो उडी मारतो. वाढलेल्या नाकतोड्याची तंगडी पुन्ना येत न्हाई. गानंबी मंग अर्धंच ऱ्हातं. मला वाटायचं, काय येडा किडा हाय, धडधाकट तंगडी टाकून जातो.

ही घ्या राखनीची काठी. घोंगडी माझी हाय, ती सोडा, उठा जरा. आन् पागेत जाऊन सांगा, गवत नाकतोड्यानं खाल्लं. कंच्या नाकतोड्यानं असं इचारलं तर म्हना, गेनबा म्हनत्यात त्याला. त्यात खोटं काय न्हाई.

निगा आता, ऊन कललं. आन् पंत, ओढ्याच्या वाटनं जाऊ नका. जवळची हाय, ठावं हाय मला. पन तिकडं — तिकडं नाकतोडे लई हायत.