फोटू येईस्तवर

माझा तोरा कसा उतरला, ते सांगतो. नव्याण्णव साली बारामतीत मी इंटरनेट घेतलं आणि हौसेनं आमच्या बावडा गावाची वेबसाइट केली. मराठी अक्षरं दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरवर नीट उमटायची नाहीत, म्हणून मजकुराचेसुद्धा फोटोच करून टाकले.

बावड्याचेच आमचे तात्या टेलिफोन ऑपरेटर, डोळ्यांनी पूर्ण अंध. पडद्यावरचं इंग्रजी वाचून दाखवणारा प्रोग्राम त्यांनी पुण्याहून आणून माझ्याकडं बसवला होता. हेडफोन लावून बसले आणि दोन मिनिटांत वैतागले.

"गाव कुठं हाय रं? हे नुसतं 'इमेज, इमेज' म्हणतंय."

"तात्या, फोटो आहेत ते. ते कसे ऐकू येणार?"

"मग फोटूमागं काय हाय ते इंग्रजी अक्षरांत लिव की. मलाबी माझं गाव वाचायचं हाय."

कुरकुरत का होईना, प्रत्येक फोटोमागं, एरवी पडद्यावर दिसणार नाही असं, सगळं लिहिलं. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. मशीन ते गोऱ्या साहेबासारखं वाचायचं. तात्यांशिवाय कुणाला कळायचं नाही.

पुढं सरपंच दहा-पंधरा माणसं घेऊन साइट बघायला आले. नेमकी त्याच दिवशी लाइन रखडली. एकही फोटो उघडेना. नुसत्या रिकाम्या चौकटी आणि त्यांत माझी ती इंग्रजी अक्षरं. मी नुसता माऊस दाबत राहिलो.

सरपंच म्हणाले, "हितं तर कायबी दिसंना!"

शेजारीच बसलेल्या तात्यांनी शांतपणे हेडफोन कानाला चढवला.

"बसा सरपंच. फोटू येईस्तवर मी वाचून दावतो."