पाहुण्यांची मिरची बरणीत

— नाही हो जगदीशभाऊ, संशोधनाबद्दल आज मी एक अक्षर बोलणार नाही. आमच्या हिने, कंचनने, सकाळीच दम भरलाय — मुलाचे वडील पहिल्यांदा बोलणी करायला येतायत, आज प्राध्यापकी बंद, फक्त हवापाण्यावर बोलायचं. तर हवापाणी. थंडी छान पडलीय. पथारीवर, त्या उघड्या माळावर, मिरची झकास वाळत असेल — बघा, आलोच ना मिरचीवर! पण माझा काय दोष? नंदुरबारच्या हवेत थंडीच्या दिवसांत मिरचीशिवाय दुसरं असतं काय? आणि तुम्हीही शहाद्याहून येताना पेढे नाही, फळं नाही, स्वतःच्या गिरणीचं लाल तिखटच घेऊन आलात. वा! नाही, पेढे आणले नाहीत ते बरंच झालं. मागच्या स्थळाने आणले होते. मी सहज म्हणून आयोडीनचा एक थेंब टाकला — पेढा निळाशार! पिठाची भेसळ हो. मी त्यांना अगदी हसत-हसत सांगितलं. ते नाही हसले. जिना उतरेपर्यंत कोणी मागे वळूनही पाहिलं नाही. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. राहू द्या, आपलं तसं नाही. आपली पोरं एकमेकांना पसंत आहेत, जातीचा घास दोन्ही घरांनी कसाबसा गिळलाय, आमच्या चांदनीने तर सांगूनच टाकलंय — लग्न करीन तर दिनेशशीच.

तेवढी बरणी सरकवता? लोणच्याचीच आहे, पण लोणचं नाही त्यात. वासाकडे लक्ष देऊ नका, झाकण लावलं की बसतो. नाही नाही, संशय कसला! उलट कौतुक म्हणून. व्याह्यांच्या मालाला मी स्वतः प्रमाणपत्र देतो — असा मान तालुक्यात कोणाला मिळालाय? ही काचेची पट्टी, तिच्यावर पांढरा थर. चिमूटभर तिखट भिजवलं, खाली टिकली लावली, पट्टी बरणीत उभी केली. आता द्रव वर चढत जाईल, आणि मिरचीतला एकेक रंग आपापल्या पायरीवर बसेल. तोवर हवापाणी.

आमचे वडील काय म्हणायचे माहीत आहे? मारवाडातून आलेलं घर, बाजारात भुसाराचं दुकान, आणि मुलगा सेंद्रिय रसायनशास्त्रात! म्हणायचे, लोक मिरची विकून बंगले बांधतात, हा मिरची उकळून डोळे चोळत बसतो. खरंच होतं ते. सगळी नोकरी मी मिरचीतला तिखटपणा वेगळा काढण्यात घालवली. मार्केट यार्डातला एक दलाल मला म्हणाला होता, 'सर, मिरचीना ठसका काढी लिधा तं मंग ऱ्हायनं काय?' मी म्हटलं, औषध राहतं, सांधेदुखीचं मलम होतं त्याचं. तो म्हणाला, 'मंग आमनं काय?' एकदा मात्र तिखट इतकं शुद्ध निघालं, इतकं शुद्ध — आणि मी आनंदात प्रयोगशाळेचा पंखा मैदानाकडे तोंड करून लावला. नेमकं स्नेहसंमेलन. सगळी हवा थेट मंडपात. प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले आणि खोकत-खोकतच गाडीत जाऊन बसले. पहिल्यांदा अख्ख्या कॉलेजला माझं संशोधन कळलं. बढती? ती त्या वर्षी दुसऱ्याला मिळाली. अजून एक गोष्ट — कुठे बोलू नका — मला स्वतःला तिखट अजिबात सोसत नाही. आमची वरणाची वाटी वेगळी असते.

बघू या. आला वर... हा पिवळा, बरोबर. हे केशरी दोन, बरोबर, घरचेच. आणि हा —

थंडी छान पडलीय, नाही?

नाही, काही नाही. पट्टी जुनी असेल. जुनी कशी असेल, कालच बनवली. मग माझा हात बरणीला लागला असेल — हाताचा शेंदरी ठिपका पडतो का? नाही पडत. भाऊ, मला खोटं बोलता येत नाही हो, येत असतं तर आज विभागप्रमुख असतो. हा जो लखलखीत बसलाय ना वर, मिरचीच्या सात पिढ्यांत असला कोणी नाही. हा मेणाला लावायचा रंग आहे. लाकडाला लावायचा. पोटात घालायचा नाही.

बसा. हळू बोला, आत पोरगी आहे. तिला आता काय सांगू मी? हे स्थळही मी बरणीत बुडवलं, असं सांगू? — काय म्हणालात? ही पुडी तुम्ही नाही बांधली? दिनेशने? सरांच्याच हातात द्या म्हणाला? थांबा. थांबा जरा. दिनेश माझा विद्यार्थी हो! ही पट्टी त्याला मी शिकवली. एम.एस्सी.ला महिनोन्महिने हेच केलंय त्याने, मसाल्यातले खोटे रंग शोधायचे. आणि त्याला पक्कं ठाऊक आहे, सरांच्या हातात तिखट पडलं की सर ते बरणीत घालणारच, समोर कोणी का बसलेलं असेना. भाऊ, पोराने तुम्हाला सांगून पाहिलं असेल. सांगितलं होतं ना? मान खाली घालू नका, सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत, म्हणून त्याने तुमच्याच हाती तुमचा माल माझ्याकडे धाडला. लग्न पणाला लावून! वेडा आहे. सोन्यासारखा वेडा आहे. चांदनी, ए चांदनी, मुलगा मला पसंत आहे गं!

मोडलं म्हणता? तुम्ही कोण मोडणार? ज्याचं लग्न आहे त्याने तर ठरवूनच तुम्हाला पाठवलंय. उठा, भाऊ. आधी गिरणीवर जा. रंग घातलेला सगळा माल बाजूला काढा, एक पोतंही बाजारात जाऊ देऊ नका, रंगाचा डबा मला आणून द्या. मग या, सगळे या, दिनेशच्या आईला, सुनीताताईंना घेऊन या, हळदीची तारीख काढू.

कंचन, चहाचे कप आत ने. आज नाही घेणार ते, आधी गिरणीवर निघालेत.