पोनिदीचं जड नाव

(मध्य जावा. जिल्हा न्यायालयातली एक छोटी खोली. ट्रक चालवणाऱ्या पोनिदीने नाव बदलण्यासाठी अर्ज केला आहे. त्याच्या काकांची साक्ष नुकतीच संपली आहे, आता आईची. न्यायाधीश बाई सुमात्राच्या, इथे नव्याने बदलून आलेल्या.)

न्यायाधीश: काकांना बाहेर बसू दे. दुसऱ्या साक्षीदार आई ना? या पुढे. आणि मावशी, तो डबा खाली ठेवा. इथे खायला बंदी आहे.

आई: खात नाहीये, बाई. नुसता धरलाय.

न्यायाधीश: धरूही नका. अर्जदार, तुमचा वकील कुठे आहे?

पोनिदी: नाही केला, बाईसाहेब. खाली खिडकीवर विचारलं, तर त्या ताई म्हणाल्या, नावासाठी वकील कशाला? अर्ज आणा, दोन साक्षीदार आणा आणि विचारतील त्याची नीट उत्तरं द्या. अर्ज मीच लिहिलाय.

न्यायाधीश: ते दिसतंय. "माझं नाव मला परत मिळावं." कायद्याचे अर्ज असे नसतात. पण कळतंय, तेव्हा चालेल. कुणाला चुकवायचंय म्हणून नाव बदलताय का? पोलिसांत काही?

पोनिदी: एकदा ट्रकमध्ये कोबी जास्त भरला म्हणून दंड झाला होता. तो तिथल्या तिथे भरला.

न्यायाधीश: कोबीचं राहू दे. म्हणजे पोनिदीचं जगद सासंका व्हायचंय. जगद म्हणजे जग आणि सासंका म्हणजे चंद्र. एका माणसाला दोन्ही?

पोनिदी: वडिलांनी ठेवलं होतं. ते गामेलानच्या, आमच्या घंटा-झांजांच्या ताफ्यात वाजवायचे, साहेब. कलावंत माणूस, हात आखडता घेणं माहीत नव्हतं.

न्यायाधीश: बरं. मावशी, शपथ झाली आहे, खरं ते सांगा. मुलाचं नाव बदलायला तुमची हरकत आहे का?

आई: आहे.

पोनिदी: आई!

आई: काय आई? त्यांनी विचारलं, मी सांगितलं.

पोनिदी: घरी महिनाभर एका शब्दाने बोलली नाहीस.

आई: घरी कुठे शपथ होती?

न्यायाधीश: तुम्ही दोघं आपसात बोलू नका. मावशी, हरकत का?

आई: नाव जड आहे, बाई. हा तीन वर्षांचा असताना ताप यायचा, डोळे फिरवायचा. दवाखाने झाले. मग माझे सासरे म्हणाले, पोराला नाव पेलत नाही, उतरवा. आमच्यात असं करतात. आमचा बाजाराचा आठवडा पाच दिवसांचा, त्यातल्या पोन वारी जन्मला, म्हणून साधं पोनिदी ठेवलं. तांदळाची पेज शिजवली, अर्धी पांढरी, अर्धी ताडगुळाची तांबडी. आळीत वाटली, सगळ्यांनी खाल्ली आणि नव्या नावाने हाक मारली. आठवड्यात अंगणात पळायला लागला.

न्यायाधीश: आमच्याकडे नाव पणजोबांपासून चालत येतं. त्याला वजन असतं हे मान्य. ते उतरवून ठेवता येतं, हे नवीन ऐकलं.

पोनिदी: साहेब, मी आता तीन वर्षांचा नाही. बारा टनांचा ट्रक चालवतो. ह्या जुनाट नावाने हाक मारली की माल उतरवायच्या धक्क्यावरची पोरं हसतात, म्हणतात, आजोबा आले. पण त्यासाठी नाही आलो. बायको बाळंत व्हायचीय. पोराच्या दाखल्यावर बापाचं नाव लागतं, ते माझ्या वडिलांनी ठेवलेलं लागावं. बस.

न्यायाधीश: पण काका आत्ता म्हणाले, तुमच्या वडिलांच्या कबरीवरही जगद सासंकाच लिहिलंय.

पोनिदी: हो. आमच्यात पुरुष मोठा झाला की दुसरं नाव घेतो. वडिलांना ते फार आवडायचं, माझं सुटलं म्हणून त्यांनी घेतलं. काकांनी असंच सांगितलंय.

आई: काकांना काय माहीत! ते तेव्हा मलेशियात रबर काढत होते.

न्यायाधीश: मग खरं काय ते तुम्ही सांगा.

आई: बाई, नाव उतरवलं, पण ठेवायचं कुठे? एकदा ठेवलेलं नाव टाकून देता येत नाही. मला रात्रंदिवस धास्ती, ते परत ह्याच्या अंगावर येईल. मी रडून रडून ह्याच्या वडिलांचं डोकं खाल्लं. एक दिवस तालमीहून आले आणि म्हणाले, आण इकडे, मी घेतो. माझे खांदे रुंद आहेत. हसत म्हणाले. दुसऱ्या दिवशी पंचायतीत जाऊन लिहून आले.

न्यायाधीश: आणि मग?

आई: मग पुढचा भात कापायला ते नव्हते.

न्यायाधीश: आजारी होते?

आई: डॉक्टर काळीज म्हणाले. म्हणू देत. ते नाव मी त्या दिवसापासून तोंडातून काढलेलं नाही. कबरीवर जाते, तेव्हाही नुसतं "अहो" म्हणते.

पोनिदी: हे तू मला कधी...

आई: काय सांगायचं? तुझ्यावरचं त्यांनी घेतलं असं? पोरगा म्हणून वाढवायचं होतं तुला, ऋणको म्हणून नाही.

न्यायाधीश: अर्जदार, हे तुम्हाला माहीत नव्हतं. अर्ज मागे घेता येतो. बदनामी वगैरे काही नाही. घ्यायचाय?

पोनिदी: आधी आईला एक विचारू का, साहेब?

न्यायाधीश: विचारा.

पोनिदी: आई, बाबा गेले तेव्हा माझ्या आत्ताच्या वयाहून लहान होते ना?

आई: होते.

पोनिदी: मग किती दिवस त्यांच्याच खांद्यावर ठेवायचं? नाही, साहेब. मागे घेत नाही. आता तर नाहीच.

आई: आणि तुला काही झालं तर? तुझी बायको माझ्यासारखी बसेल, दारात बघत.

पोनिदी: भीती मलाही वाटतेय. खोटं कशाला सांगू? पण ते माझं आहे, आई.

न्यायाधीश: मावशी, कायद्याने तो सज्ञान आहे. तुमची हरकत मी नोंदवेन, पण तेवढ्यावर अर्ज अडत नाही.

आई: माहीत आहे, बाई. खाली खिडकीवर मीही विचारलं होतं.

न्यायाधीश: आणि तरी साक्षीला आलात?

आई: पोरगा एकटा कसा येईल? बाई, एक मागू का? पोनिदी काढू नका. ते पुढे राहू दे, बाकीचं मागे जोडा. गामेलानची मोठी घंटा कधी एकटा उचलतो का? बांबूला बांधून दोघं नेतात. ह्या साध्या नावाने इतकी वर्षं जगवलंय त्याला. ते पुढे धरेल.

न्यायाधीश: अर्जदार?

पोनिदी: मी... हो. चालेल. धक्क्यावरचे हसू देत.

न्यायाधीश: मग अर्जात हाताने दुरुस्ती करा, शेजारी सही करा. जुन्या नावाची सही, अजून तेच आहे. ...ठीक. पोनिदी जगद सासंका. परवानगी आहे. महिन्याच्या आत निकालाची प्रत नोंदणी कार्यालयात द्या, तिथेही वकील लागत नाही. मावशी, आता त्या डब्यात काय आहे ते सांगा. मघापासून पायाने कवटाळून बसलाय.

आई: पेज आहे, बाई. पांढरी आणि तांबडी.

न्यायाधीश: म्हणजे तुमचं सकाळीच ठरलं होतं!

आई: शिजवली होती. द्यायची का नाही, ते ठरलं नव्हतं.

न्यायाधीश: बाहेर बाकावर उघडा. सुनावणी संपली.

पोनिदी: चल, आई. दे डबा. काकांनाही बोलावतो.

आई: बोलाव. चमचा एकच आणलाय. पहिला घास वडिलांच्या नावाने बाजूला काढ. मग तू खा, जगद.