पलंगापासून तेरा फूट

नको, तो पासष्ट इंची टीव्ही नकोच, दादा — मघापासून तुम्ही मला त्याच्याकडेच ढकलताय. पडद्यावरचा तो पोपट, त्याचं एकेक पीस, दिसलं मला सगळं — पण मला काय करायचंय पोपटाचं? मॅच लावा एखादी. जुनी असली तरी चालेल. मला फक्त खालची पट्टी बघायचीय, स्कोअरची. हो, तेवढीच. बजेट विचारलंत ना, तिथंच तर घोडं अडलंय. धाकटा भाऊ म्हणतो, बत्तीस इंची घे, वर एक पैसा घालू नकोस. निम्मे तो देणार, म्हणून त्याचं ऐकायचं. स्वतःच्या घरी भिंतभर टीव्ही लावलाय, आणि इथं बत्तीस. का रे बाबा, म्हणून विचारलं, तर म्हणतो — जाऊ दे. काय म्हणाला ते जाऊ दे.

अंतर ना? आठ फूट. अंदाजपंचे नाही सांगत, मोजून आणलंय — मी शिवणकाम करते, नर्सेसचे युनिफॉर्म, टेप गळ्यातच असतो. अण्णांच्या खुर्चीपासून भिंतीपर्यंत बरोब्बर आठ. अण्णा म्हणजे वडील माझे. बघणारे तेच, मला कुठला आलाय वेळ. आठला त्रेचाळीस पुरेल म्हणता? बघू — नव्वदला तीन. येतंय वाचता. पण माझे डोळे वेगळे, त्यांचं वय एक्याऐंशी, आणि पलंगावर आडवं पडल्यावर चष्मा नाकावर धड राहतो का —

काय? हो, पलंगावरच. खुर्चीत कुठले बसतायत, तीन महिने झाले आता. मग खुर्चीपासून का मोजलं? मला काय विचारता. टेप घेतला आणि सरळ खुर्चीपाशी गेले. तिच्यावर शिवायच्या कपड्यांचा ढीग होता, तोही उचलून खाली ठेवला आणि मोजलं. वेडीच की मी. पलंग पार मागच्या भिंतीला आहे. आणखी पाच फूट धरा. तेरा. सरका जरा, मी त्या फ्रिजपर्यंत मागे जाते — नाही. नाही दिसत. नुसती पांढरी रेघ दिसतेय.

त्यांना आकडे दिसतच नाहीत हो, आणि माझ्या मशीनच्या खडखडाटात कॉमेंट्री ऐकू येत नाही. दर पाच मिनिटांनी आपलं, स्कोअर किती गं? मशीन थांबवा, उठा, टीव्हीपुढं जा, परत येऊन बसा — मला पैसे डझनावर मिळतात, तासावर नाही. चार-सहा वेळा उठले. मग बसल्या जागेवरून द्यायला लागले ठोकून. एकशेवीसला दोन, अण्णा. एकशेचाळीसला दोन. आमच्या घरी आपली माणसं आउटच होत नाहीत. महिनाभरात एक मॅच हरलो नाही. तेही खूश, मीही मोकळी. आणि परवा दुपारी टीव्ही गेला. आधी हिरव्या रेघा यायच्या, परवा गपगार झाला. माझी पाठ तिकडे, वर मशीनचा आवाज, मला काय कळणार? अण्णांनी विचारलं, किती झाले गं? म्हटलं, एकशेसत्तरला दोन. मग म्हणाले, ‘टीव्ही अर्ध्या तासापासून बंद आहे.’ रागावून नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. मी वळून बघितलं तर म्हणाले, ‘असू दे. तू शिव तुझं.’ संपलं. काल शेजारच्या रेडिओवर मॅच चालू होती, नुसता गलका घरात ऐकू येत होता, स्कोअर नाही — एकदाही विचारलं नाही त्यांनी. मला लाज वाटते हो. ऐंशीच्या पुढच्या माणसाला मी महिनाभर फसवत होते, आणि कशासाठी, तर बाह्या जोडायच्या होत्या म्हणून.

तो पंचावन्नचा लावा. थांबा, मी इथूनच बघते. दोनशे अकराला सहा. हां. परत बदला, दुसरी मॅच लावा, बघू — अठ्ठ्याऐंशीला चार. दिसतंय. डोळे बारीक न करतासुद्धा दिसतंय. किंमत किती म्हणालात? एवढी? मग आधी का नाही बोललात — बोलला होतात, बरं. असू दे. कापडाच्या कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशीनसाठी साठवलेत, ते घालते. ते मशीन येईल पुढच्या वर्षी. भावाचे निम्मे राहू देत भावाकडे. काय म्हणाला सांगू? ‘ताई, वापरणार किती दिवस?’ असं म्हणाला. फोन स्पीकरवर, माझे दोन्ही हात कापडावर, आणि अण्णा तिथंच पडलेले. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी मशीन चालू केलं.

आता काय राहिलं? जादा वॉरंटी? पहिलं वर्ष तर आहेच म्हणालात. मग ही पुढची तीन. म्हणजे सगळी मिळून चार. आणि पैसे आत्ताच भरायचे. चार वर्षं म्हणजे अण्णा —

घाला. घाला म्हटलं ना, परत परत काय विचारताय. चारही वर्षांची घाला, आणि नाव अण्णांचं लिहा, माझं नको. माझ्याकडे काय बघताय, पावती करा. आणि तो पोपट बंद करा आधी.