सातव्या महिन्यातलं पाऊल

मी मूळची नामपूरची. वडील शाळामास्तर, घरात पुस्तकं होती, म्हणून मला नर्सिंगला जाऊ दिलं, आणि मग नोकरीभर सटाण्याकडच्या खेड्यांत बाळंतपणं केली. तारीख कुणाला आठवायची नाही, कांद्याची लागण चालू होती तेव्हा पाळी चुकली, एवढंच बाया सांगायच्या, मग जन्मलेल्या बाळावरूनच महिने ओळखायचे. डोकं मोजायचं, छाती मोजायची, टाचेपासून अंगठ्यापर्यंत पाऊल मोजायचं. तळव्यावर रेषा कमी, कान दुमडला की दुमडलेलाच राहतो, म्हणजे दिवस भरलेले नाहीत. काय सांगू तुम्हाला, माझा अंदाज सहसा चुकायचा नाही. तेच नडलं.

माझी एकुलती लेक शुभांगी सिन्नरला दिली. लग्नाला सात महिने झाले तेव्हा, जानेवारीत, तिचं डोहाळेजेवण माझ्याकडे केलं. सासरची माणसं जीप करून आली. पंगत उठायच्या आत तिला कळा सुरू झाल्या आणि संध्याकाळी आमच्याच आरोग्य केंद्रात मुलगी झाली, एवढीशी, पण रडली खणखणीत. नाशिकला न्यायला गाडी बोलावली होती. तोवर बाळाला आईच्या छातीशी द्यायला मी निघाले, तर विहीणबाई दारात, बोटं मोजत. म्हणाल्या, सातव्यातलं पोर असं रडतं व्हय, ताई? हे तर पुऱ्या दिवसांचं दिसतंय, मंग आधीचे दोन महिने कोणाचे?

आत लेक ऐकत होती.

बाळ उघडं करू नका, ऊब जाऊ देऊ नका, हे मी आयुष्यभर बायांना बजावत आले. आणि मी टेप काढली. दुपटं सोडून पाऊल मोजलं, साडेसहा सेंटिमीटर, बघा, दिवस भरले असते तर बोटभर जास्त भरलं असतं. त्यांनी जावेला हाक मारली, अगं ये, तू पण बघ. पुन्हा सोडलं. मग शुभांगीची नणंद आली. मग मामेसासरे, ते म्हणाले, चष्मा नाय आणला, जरा उजेडात मोजा. मी दाराशी नेऊन मोजलं. दार सताड उघडं, थंडी ही अशी. शेवटी विहीणबाई म्हणाल्या, हां, मंग आमचंच हाय. तेव्हा माझ्या मुठीतलं पाऊल गार लागलं.

नाशिकला डॉक्टरांनी विचारलं, बाळ उघडं पडलं होतं का? मी नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी पोर गेली.

विहीणबाई अजून चारचौघांत सांगतात, आमच्या सुनेला नाव ठेवायला जागा नाय, विहिणीनं पाऊल मोजून दाखवलं. लेक मानानं नांदते. तिनं एकदाच विचारलं, आई, एकदा मोजून भागलं नसतं का?

आता तिला दुसरी मुलगी आहे, चार वर्षांची. परवा नातीला चपला घ्यायला गेलो. दुकानदार पट्टी माझ्या हातात देत म्हणाला, आजी, तेवढं माप बघा. मी म्हटलं, तूच घे बाबा, मी बाहेर थांबते.

सुखात राहोत दोघी.