पायरी अकरावी: पॅक अप

...आणि वर शाळावाले म्हणतात, टीचर, वर्गात मराठीचा एक शब्द ऐकू येता कामा नये. अहो, बी.ए. झालंय, बी.एड. झालंय, मराठीतून का असेना, पण इंग्रजी येतं मला. लिहून विचारा, सगळं येतं. फक्त समोर कोणी असलं की... आणि समोर तरी कोण, तर तिसरीतली चाळीस पोरं. पण डोळे ऐंशी होतात ना!

तुम्हाला सांगते, चऱ्होलीच्या त्या इंग्रजी शाळेनं मला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं. शेवटी प्रिन्सिपल निरंजन सर मागच्या बाकावर बसून तास बघणार, आवडला तर कायम, नाहीतर घरी. आता वर्गातलं इंग्रजी कॉलेजात कुठे शिकवतात? लोकशाहीवर निबंध मागा, देते. पण 'वही जमा कर', 'डबा आत ठेव, अजून मधली सुट्टी झाली नाही', हे कसं म्हणायचं? एकेका क्रियापदाला शेपूट. हँड इन, हँड आउट, पुट अवे... रात्रीचं पाठ केलेलं सकाळी फळ्यापाशी गायब.

आमचे बाबा, दौलतराव, चाकणला कंपनीत सुपरवायझर. म्हणाले, "रडतेस काय? आमच्याकडे प्रत्येक मशीनपाशी कागद असतो. नवा माणूस कागद बघून पायरी-पायरीनं काम करतो. डोकं लावायचंच नाही." आणि लावला की कागद, फ्रिजवर, प्लास्टिकमध्ये घालून! पायरी पहिली, कम इन. दुसरी, सिट डाउन. तिसरी, टेक आउट युवर बुक्स... अशा अकरा. अकरावी, पॅक अप, लाइन अप, गो डाउन.

रोज संध्याकाळी सराव. आई म्हणजे वर्ग. मी 'पुट अवे' म्हटलं की ती निमूट लाटणं बाजूला ठेवायची आणि पुटपुटायची, "पोळ्या कोण करणार, तुझे प्रिन्सिपल?" बाबा म्हणजे सुट्टीची घंटा, पण कंपनीतल्या भोंग्यासारखे तोंडानं वाजायचे. "भोंगा झाला की अकरावी पायरी. विचार करायचा नाही." एकवीस दिवस, सांगते! वर्गातही तोच कागद चालवला, तर पोरं इतकी तयार झाली की माझी पायरी चुकली तर तीच पुढची सांगायची.

तपासणीचा दिवस उजाडला. सर मागे, मांडीवर वही. पायरी तिसरी झाली, चौथी झाली, सर मान डोलावतायत, मला वाटलं, येतं की आपल्याला, उभं राहूनसुद्धा येतं... आणि शेजारच्या वर्कशॉपनं नवा भोंगा बसवला होता, तो त्यांनी नेमका तेव्हा वाजवून बघितला.

मी दचकले. म्हणजे किती, तर खडू छताला. आणि तोंडातून काय निघालं? पॅक अप, लाइन अप, गो डाउन.

चाळीस पोरं. दप्तरं पाठीला, रांग सरळ, कोणी कोणाला ढकललं नाही, कोणी विचारलं नाही, गेली की खाली! वर्गात उरले कोण? मी, सर आणि एक पाण्याची बाटली.

मला पुढची पायरी सुचेना. बारावी नव्हतीच हो कागदावर! मनात म्हटलं, वर्षालीबाई, चला घरी, पोळ्या लाटा. तेवढ्यात सरांनी घड्याळ बघितलं, खिडकीतून मैदान बघितलं. तिथे सगळे रांगेत उभे. "टू मिनिट्स," सर म्हणाले. "न सांगता आगीची मॉक ड्रिल? टीचर, आठ वर्षं सांगतोय मी, एकालाही जमली नाही."

आता खरं सांगायचं तर इंग्रजीत सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "येस सर."

झाले कायम. पेढे वाटले, आईनं लाटणं परत ताब्यात घेतलं. पण ऑर्डरच्या खाली बारीक अक्षरात काय? दर महिन्याला अख्ख्या शाळेची ड्रिल, इनचार्ज मी, भोंगाही मीच वाजवायचा, हातात धरून!

बाबांनी फ्रिजवर नवा कागद लावलाय. पायरी पहिली: दचकायचं नाही. येतं हो मला तेही. लिहून विचारा.